रात्र किती युनिटांची?

गुहागरच्या अलीकडे, एका परिचितांच्या नारळी-पोफळीच्या वाडीत, २०२४ च्या मे महिन्यातल्या एका रात्री आम्ही पाचजण भाड्याने घेतलेल्या ‘चाकांवरच्या घरा’त घामाने निथळत बसलो होतो. आम्ही उभयता, दोन मुले आणि सासूबाई. चालक बाहेर बाजेवर आडवा झाला होता. दहाला एसी लावून मंडळी झोपली होती. बाराच्या सुमारास एसीने एक दीर्घ उसासा टाकला आणि त्याच्यामागोमाग दिवे, पंखे, फ्रीज असे सगळेच एकदम गप्प झाले. गाडी ठरवताना मालकाने छातीठोकपणे सांगितले होते, ‘डबल बॅटरी आहे साहेब, रात्रभर एसी चालतो.’ रात्र दोन तासांची असते, हे आम्हांला ठाऊक नव्हते.

उकाड्याचे एक वेळ सोडून देऊ. कोकणातला मे महिना आम्ही लहानपणी पंख्याशिवाय काढलेला आहे. खरा घोर लागला तो फ्रीजचा, कारण त्यात सासूबाईंच्या इन्सुलिनची न उघडलेली पेने होती. वापरात असलेले इन्सुलिन काही आठवडे बाहेर राहू शकते. पण न उघडलेला साठा दोन ते आठ अंशांत ठेवायचा असतो आणि बाहेर तर अपरात्रीही तीसच्या आसपास तपमान होते. पुढचे तीन दिवस काढायचे होते.

चालक भला माणूस. उठून आला आणि म्हणाला, ‘काळजी करू नका साहेब, मागे छोटा जनरेटर आहे, लावतो. खिडक्या तेवढ्या लावून घ्या, म्हणजे आवाज यायचा नाही.’ त्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘जावईबापू, ती भटभट ऐकण्यापेक्षा मी ओटीवर झोपाळ्यात रात्र काढीन.’ आणि खरोखरच उशी घेऊन त्या यजमानांच्या ओटीवर जाऊन झोपल्या. त्यांच्यामागे आम्हीही गेलो. जनरेटर लागला नाही.

त्या नकाराचे मोल त्या रात्री कळले नाही. ते कळले डिसेंबर २०२४ मध्ये. केरळात वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅरॅव्हॅनमध्ये दोघेजण मृतावस्थेत आढळल्याची बातमी आली. एसीसाठी जनरेटर चालू ठेवून ते झोपले होते. जनरेटरमधला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला, असे तपासात पुढे आले. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक आसक्तीने चिकटतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येण्याआधीच काम उरकतो. ‘खिडक्या तेवढ्या लावून घ्या’ हे शब्द त्या दिवशी मला दिवसभर ऐकू येत होते.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की अशा गाडीत बॅटरी किती हवी, हा प्रश्न केवळ गाडी बांधणाऱ्या हौशी मंडळींचा नाही. सहलीला निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने तो निघण्यापूर्वी सोडवला पाहिजे. बॅटरी कमी पडली की रात्री बारा वाजता जनरेटरची आठवण होते, आणि रात्री बारा वाजता कोणाचेही डोके नीट चालत नाही.

महाराष्ट्राने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण २०२१ मध्ये आणले, केरळनेही त्याच वर्षी. तेव्हापासून अशा गाड्या भाड्याने देणारे पुण्या-मुंबईत दिसू लागले आहेत. त्यांची जाहिरात पाहावी. झोपण्याची सोय किती जणांची, टीव्ही किती इंची, न्हाणीघर आहे की नाही, सारे काही लिहिलेले असते. वीज किती, ते मात्र कोणी लिहीत नाही. फार तर ‘पॉवर बॅकअप’ एवढेच. म्हणजे पाणी आहे म्हणायचे आणि टाकी किती लिटरची ते सांगायचे नाही.

वास्तविक हा हिशेब मराठी माणसाला नवा नाही. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तो आपल्या घराघरांत झालेला आहे. गल्लीतल्या इन्व्हर्टरवाल्याकडे गेलो की तो बॅटरी दाखवायच्या आधी विचारी, ‘पंखे किती? ट्यूब किती? वीज जाते किती तास?’ फ्रीज चालवायचा म्हटले की तो कपाळाला आठ्या घाली आणि एसीचे नाव काढले की हसे. कागदाच्या चिटोऱ्यावर चार आकडे मांडून मगच तो ‘दीडशेची ट्युब्युलर घ्या’ असे सांगे. आधी खर्च, मग साठा, हा त्याचा क्रम बिनचूक होता. चाकांवरचे घर घेताना आपण उलटा क्रम लावतो. आधी बॅटऱ्या मोजतो, मग त्यांच्यावर काय काय चालेल याची स्वप्ने पाहतो.

तो चिटोरा आता पुन्हा मांडू. हिशेब युनिटांतच करावा, म्हणजे घरातल्या सर्वांना कळतो. विजेचे बिल सगळेच भरतात. हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट. बॅटरीवर मात्र युनिट लिहिलेले नसते, ‘एएच’ म्हणजे अँपिअर-अवर लिहिलेले असते. त्याला व्होल्टने गुणले की झाले. बारा व्होल्टची शंभर एएचची बॅटरी म्हणजे बाराशे वॅट-तास, सव्वा युनिटाला थोडे कमी. दीडशेची म्हणजे १.८ युनिट. घरी दिवसाला पाच-सहा युनिट सहज जाळणाऱ्या माणसाला हा आकडा पाहून धक्का बसतो, आणि तो बसलेला बरा.

त्यातही शिसे-आम्लाची बॅटरी ही तळापर्यंत उपसायची टाकी नव्हे. तिच्यातले निम्मेच काढावे. वरचेवर त्याखाली गेलो, तर प्लेटांवर सल्फेट बसत जाते आणि दोन हंगामांत बॅटरी भंगारात निघते. शिवाय हिच्या स्वभावात आणखी एक खोड आहे. सावकाश मागाल तर भरपूर देते, घाईने मागाल तर हात आखडता घेते. लेबलावरचा आकडा दहा किंवा वीस तासांत हळूहळू रिकामी करण्याचा असतो. प्यूकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्येच हे सूत्रात बांधून ठेवले आहे. आमच्या ‘डबल बॅटरी’चे कोडे इथे सुटते. दोन बॅटऱ्या दीडशेच्या, कागदावर ३.६ युनिट. एसी ओढत होता बाराशे वॅट, म्हणजे बॅटरीतून शंभराहून अधिक अँपिअर. एवढ्या हिसक्याला तीनशे एएचमधून जेमतेम दोन तासांचा दम निघाला आणि इन्व्हर्टरने मान टाकली. मालक खोटे बोलत होता असे मी म्हणणार नाही. त्याने बहुधा हिशेबच केला नव्हता.

लिथियमच्या, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या या बाबतीत सरळ आहेत. ऐंशी टक्क्यांपर्यंत निर्धास्त वापराव्यात, घाईने मागितले तरी फारसे कमी देत नाहीत. वजनातला फरक तर डोळ्यांत भरणारा आहे. पाण्या-आम्लासह दीडशेची ट्युब्युलर पन्नास-साठ किलोंच्या घरात जाते. शंभर एएचची लिथियम बॅटरी बारा-तेरा किलोंची असते. घाटात चढणाऱ्या गाडीला हे कळते. महागही त्याच आहेत. पण पुन्हा सांगतो, बॅटरीची जात ठरवणे ही दुसरी पायरी आहे.

पहिली पायरी खर्चाची. पाच माणसे, कोकण, उन्हाळा धरू. बारा व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा लहान फ्रीज अशा हवेत दिवसाला पाऊण युनिटाला थोडा कमी खातो, ०.७ धरा. पंधरा वॅटचे तीन छोटे पंखे रात्रीचे दहा तास चालले तर ०.४५. पाच वॅटचे चार दिवे पाच तास, ०.१. चार मोबाइल आणि कॅमेरा वगैरे मिळून ०.१५. पाण्याचा पंप दिवसाकाठी वीस मिनिटेही चालत नाही, त्याला काय लागणार! मिक्सरचे तेच. साडेसातशे वॅट ऐकून छातीत धस्स होते, पण खोबऱ्याची चटणी तीन मिनिटांत होते आणि तिला युनिटाचा पंचविसावा हिस्सासुद्धा लागत नाही. चटणी खुशाल करावी. बेरीज झाली दीड युनिट.

यात एक छुपा चोर आहे. बारा व्होल्टचे २३० करणारा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्याला काहीही जोडले नाही, तरी तो दहा-वीस वॅट खात राहतो. चोवीस तासांत त्याचे तिसरा हिस्सा युनिट होते, म्हणजे तीन पंख्यांच्या रात्रभराच्या खर्चाच्या जवळपास! म्हणून पंखे, दिवे, फ्रीज थेट बारा व्होल्टचेच असावेत आणि इन्व्हर्टरचे बटण मिक्सरपुरतेच दाबावे. आमच्या गाडीत फ्रीजही घरगुतीच होता आणि इन्व्हर्टर तीन दिवस अष्टौप्रहर चालू होता.

आता साठा. एकाच जागी दोन दिवस ऊन न मिळता राहायचे, तर तीन युनिट हवेत. लिथियमच्या शंभर एएचच्या तीन बॅटऱ्या ऐंशी टक्के वापरल्या की बरोबर तेवढे भरतात. शिसे-आम्लाच्या घ्यायच्या तर निम्म्याच्या नियमाने पाचशे एएच लागतात, म्हणजे दीडशेच्या चार, आणि वजन सव्वादोनशे किलो. तीन-चार धडधाकट पाहुणे जादा बसवल्यासारखे. छतावर चारशे वॅटचे सौर पॅनेल असेल आणि ऊन असेल, तर लिथियमच्या दोनच बॅटऱ्यांत भागते. माझ्या मते पाच माणसांच्या कुटुंबाला एवढे पुरे आहे, आणि याच्या दुप्पट विकू पाहणाऱ्याला ‘कशासाठी’ हे विचारलेच पाहिजे.

त्याचे उत्तर बहुधा एकच असते. एसी. एक टनाचा एसी पत्र्याच्या गाडीत, दमट हवेत, रात्रीचे आठ तास चालवला की पाच-सहा युनिट गेले. बाकीच्या साऱ्या संसाराच्या चौपट! त्यासाठी लिथियमच्या सहा बॅटऱ्या लागतात, आणि त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायला सतराशे वॅटचे पॅनेल. गाडीचे छप्पर या टोकापासून त्या टोकापर्यंत मढवले तरी पुरेल की नाही शंका. वर एसीचे धूड आणि हवेचा झरोका ठेवायचा तो कुठे? चौघा-पाचांची हौस म्हणून कोणी तेही करतील. पण भाड्याच्या गाडीत ते केलेले नसते. तिथे एसी असतो आणि त्याच्यामागे लपवलेला जनरेटर असतो. त्या जनरेटरविषयीच माझी तक्रार आहे.

आम्ही एसी का लावला होता, याचा मी नंतर विचार केला. उकाडा होताच, पण खिडक्या उघडता येत नव्हत्या, कारण त्यांना जाळ्या नव्हत्या आणि वाडीत डास होते. म्हणजे निम्मा एसी आम्ही डासांसाठी लावला होता. बारीक जाळी, समोरासमोर उघडणाऱ्या दोन खिडक्या, छताला वारा ओढून घेणारा पंखा, या गोष्टींवर गाडी बांधणाऱ्यांनी टीव्हीपेक्षा चार पैसे जास्त घातले, तर तीन बॅटऱ्या वाचतील. ज्यांना एसीवाचून झोपच येत नाही, प्रकृतीमुळे चालतच नाही (अशी माणसे असतात, त्यांची थट्टा करू नये), त्यांनी विजेचा खटका मिळेल अशाच ठिकाणी मुक्काम करावा. यजमानांना युनिटाचे पैसे द्यावेत. त्यात कमीपणा काय आहे?

दुसरा मोह विजेवर पाणी तापवण्याचा आणि स्वयंपाकाचा. पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून पन्नासवर न्यायला अर्धे युनिट लागते, म्हणजे एका आंघोळीत पंख्यांची रात्र वाहून गेली. उलट एक किलो स्वयंपाकाच्या गॅसमध्ये साडेबारा युनिटांहून अधिक उष्णता असते. पाच किलोंच्या लहान सिलिंडरमध्ये साठाच्या वर! शेगडीवर त्यातली बरीच वाया गेली तरी बॅटरीने तिच्याशी बरोबरी करू नये. चहा गॅसवरच करावा. मात्र शेगडी पेटवताना खिडकी उघडी हवी आणि झोपताना सिलिंडरचा कॉक बंद. जनरेटरला जो नियम, तोच ज्वालेलाही.

साठ्याइतकाच पुनर्भरणाचा विचार करायला हवा, आणि इथे आपला हवामानाचा अनुभव कामी येतो. शंभर वॅटचे सपाट ठेवलेले पॅनेल आपल्याकडे चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे साडेतीनशे वॅट-तास देते. पण ऊन हवे. मराठी माणूस गाडी उभी करतो ती झाडाखाली. आंब्याची दाट सावली दिसली की आपला पाय ब्रेकवर जातोच. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी वीज धाडकन उतरते. उन्हात उभी केली तर आत भट्टी होते. यातून मार्ग एकच, सुटे पॅनेल लांब वायरीने उन्हात मांडायचे आणि गाडी सावलीत. पावसाळ्याची तर गोष्टच वेगळी. आंबोलीला किंवा माळशेजला जुलैत धुके पांघरून बसायला जाणाऱ्याने छतावरच्या पॅनेलकडे पाहूच नये, तिसरा हिस्साही मिळत नाही.

मग त्यांनी काय करावे? गाडी चालवावी. धावत्या गाडीच्या अल्टरनेटरवरून घरगुती बॅटरी भरण्याचे एक साधे यंत्र असते. तीस अँपिअरचे यंत्र असेल, तर पुण्याहून रत्नागिरीला पोचेपर्यंत सात तासांत अडीच युनिट जमा होतात. म्हणूनच रोज मुक्काम हलवणाऱ्याला लहान बॅटरी पुरते आणि एका जागी चार दिवस बूड टेकणाऱ्याला मोठी लागते. तुम्ही कोणत्या जातीचे, हे तुमचे तुम्हीच ओळखावे. गाडीची स्टार्टरची बॅटरी मात्र या व्यवहारात ओढू नये. ती एका झटक्यात इंजिन फिरवण्यासाठी असते. तिच्यावर रात्रभर पंखे लावले की सकाळी धक्का मारायला गाव गोळा करावे लागते.

लडाखकडे जाणाऱ्या उत्साही मंडळींसाठी एक इशारा. लिथियमची बॅटरी शून्याखाली भरायची नसते, पेशी कायमच्या बिघडतात. अशा गाडीत बॅटरी आतल्या बाजूला, उबेत हवी. विदर्भात याच्या उलट. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य तपमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, तेव्हा इंजिनाशेजारी तिची जागा नको.

आता मागणी. हॉटेलच्या खोलीत दर लावलेला असतो, तसा भाड्याच्या प्रत्येक गाडीत दाराशी एक कागद लावलेला असावा. त्यावर वापरता येणारे युनिट किती, एसीशिवाय किती तास, एसीसह किती तास, एवढे तीनच आकडे असावेत. आत कार्बन मोनॉक्साइडची घंटा असावी. गाडीच्या भाड्याच्या मानाने तिची किंमत किरकोळ आहे. जनरेटर गाडीला जोडलेला असेल, तर माणसे आत झोपलेली असताना तो चालवायचा नाही, हे करारातच लिहावे. राज्याच्या धोरणात कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे; तिथे कारंजे आणि सेल्फीची कमान नंतर करावी, आधी प्रत्येक गाडीमागे एक भक्कम सॉकेट आणि मीटर द्यावा. परवानगी देणाऱ्या खात्याला हे अवघड नाही. टायर आणि दिवे तपासतात, त्याच फेरीत हे तपासता येईल.

इन्सुलिनचे काय झाले ते सांगायचे राहिले. सकाळी यजमान बंदरावरून मासळीचा बर्फ घेऊन आले. बर्फाला थेट टेकवले तर इन्सुलिन गोठते आणि निकामी होते, म्हणून पेने टॉवेलात गुंडाळून, डब्यात घालून, तो डबा बर्फाच्या पेटीत ठेवला. तीन दिवस निभावले. २०२५ च्या जानेवारीत भंडारदऱ्याला जायचे ठरले, तेव्हा मी तीन गाडीवाल्यांना फोन करून युनिट किती असे विचारले. पहिला म्हणाला, ‘भरपूर.’ दुसऱ्याने फोन ठेवला. तिसरा थांबला, आणि ‘मोजून सांगतो’ म्हणाला. संध्याकाळी त्याचा फोन आला, ‘दोन युनिट, काका. एसी लावायचा नाही.’ गाडी त्याचीच घेतली. सासूबाईंनी तरीही पाण्यात भिजवून गार ठेवायची एक पिशवी सोबत घेतली होती, माठाच्या तत्त्वावरची. कोकणच्या दमट हवेत ती कुचकामी ठरते; भंडारदऱ्याच्या कोरड्या थंडीत ती चालली की नाही कळायला मार्ग नव्हता, कारण फ्रीज तीन दिवस एकदाही बंद पडला नाही. दर सकाळी त्या पिशवीत हात घालून बघत आणि मग फ्रीजमध्ये.